पडायची शिकवणी, बारा शनिवार

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, पडायचा क्लास लावलाय. ती म्हणाली, "अगं, पडायला पैसे कशाला द्यायचे? ते तू फुकटात करतेस की."

फुकटातलं शेवटचं पडणं दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधलं. निशिकासाई स्टेशनजवळ, भर पावसात, ममाचारीवरून. ममाचारी म्हणजे पुढे टोपली आणि मागे पोराची सीट असलेली आयांची सायकल, तोक्योतल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. मॅनहोलच्या ओल्या झाकणावर पुढचं चाक सरकलं आणि डावा हात आपसूक पुढे गेला. मनगट गेलं. सहा आठवडे प्लास्टर. हाडांच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "ते ओ त्सुइता?" म्हणजे हात टेकलात का. टेकला होता. पडताना दुसरं काय टेकतात?

त्या प्रश्नाचं उत्तर यंदा बारा शनिवार खर्चून मिळालं. आमच्या वॉर्डाच्या क्रीडा केंद्रात मोठ्या माणसांसाठी ज्यूदोचा नवशिक्यांचा वर्ग असतो, त्याबद्दल हे लिहितेय. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि आमचे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, भले गृहस्थ आहेत. असे वर्ग तोक्योत पुष्कळ वॉर्डांत चालतात, तुमच्या वॉर्डाच्या पत्रकात बघा. आमच्याकडे संध्याकाळी साडेसहा ते आठ, बारा आठवड्यांचे सहा हजार येन, विमा वेगळा. ज्यूदोगी म्हणजे तो जाड पांढरा पोशाख, तो मी ऑनलाइन सात हजारांच्या आसपास घेतला. बायकांनी आत पांढरा टी-शर्ट घालायचा. पहिल्या धुण्यात ज्यूदोगी इतका आटतो की एक माप मोठाच घ्या, हे मला कोणी सांगितलं नाही.

पहिले चार शनिवार आम्ही कुणालाही पाडलं नाही. नुसते पडलो. त्याला म्हणतात उकेमी. शब्दाची फोड सोपी आहे: 'उके' म्हणजे घेणं, स्वीकारणं, आणि 'मी' म्हणजे अंग. अंगावर घेणं, असं मी मराठीत करून टाकलं. 'उके'चं चित्राक्षर मला आधीपासून पाठ होतं, कारण इथे प्रत्येक दवाखान्याच्या काउंटरवर 'उकेत्सुके', म्हणजे रिसेप्शन, अशी पाटी असते आणि तिचं पहिलं अक्षर तेच. मनगट मोडलं त्या दिवशी तिच्याखाली मी तासभर बसले होते. आणि 'मी' हे अक्षर साशिमीतलं. माशाचं अंग काय, माझं अंग काय, अक्षर एकच.

पण खरी गंमत बुधवारी झाली. बुधवारी सकाळी मी जपानी शिकायला जाते, स्वयंसेवक बायका शिकवतात. त्याच आठवड्यात व्याकरणाच्या पुस्तकात धड्याचं नाव आलं: उकेमी. मला वाटलं, पुस्तक चुकलं. चुकलं नव्हतं. व्याकरणात उकेमी म्हणजे आपला कर्मणी प्रयोग. पण जपानी लोक तो आपल्यापेक्षा हौसेने वापरतात. पाऊस पडला आणि तुम्ही भिजलात, तर 'आमे नि फुरारेता', शब्दशः सांगायचं तर पावसाकडून माझ्यावर पडलं गेलं. गाडीत कुणी पायावर पाय दिला, तर 'आशी ओ फुमारेता'. कुणी काही केलं आणि त्याचा ताप मला झाला, हे सगळं एका क्रियापदात. आपण म्हणतो 'पावसानं गाठलं', तसंच काहीसं. शनिवारी सेन्सेईंना हे सांगितलं तर ते खूश झाले. ते सत्तरीचे आहेत, शाळेत भूगोल शिकवायचे. दोन्ही उकेमी एकच असं तेव्हापासून ते इतरांनाही सांगू लागले, आणि माझ्याकडे बोट दाखवू लागले, हा एक तोटा.

आता नावं. यासाठीच हे लिहायला बसले, कारण या नावांनी मला पहिला महिनाभर छळलं.

सेन्सेई तोंडाने म्हणतात उशिरो उकेमी, योको उकेमी, माए उकेमी, माए-मावारी उकेमी. मागे पडणं, कुशीवर पडणं, पुढे पडणं, पुढे गोल फिरून पडणं. पण वर्गात जो छापील कागद दिला त्यावर ही नावं नव्हतीच. त्यावर होतं कोहो उकेमी, सोकुहो उकेमी, झेम्पो उकेमी, झेम्पो-काइतेन उकेमी. मला वाटलं आठ प्रकार आहेत. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, अजून चार शिकवायचेत. तिसऱ्या आठवड्यात कळलं की चारच आहेत, फक्त भाषा वेगळी. 'उशिरो' हे घरचं जपानी आणि 'कोहो' हे चिनी उच्चाराचं, कागदोपत्री. आपल्याकडे 'मागचं दार' आणि 'पृष्ठद्वार' असावं तसं. कोदोकान म्हणजे ज्यूदोचं मुख्यालय, तिथले लोक अधिकृत लिहिताना कोहो, सोकुहो, झेम्पो लिहितात; चटईवर माणूस उशिरो, योको, माए ओरडतो. कागदावर वर बारीक अक्षरांत उच्चारही छापले नव्हते. वर्गात आम्ही चार परदेशी, एक ब्राझीलचा, दोन नेपाळचे आणि मी. एका ओळीत दोन्ही नावं छापायला किती शाई लागली असती? या वर्गाला द्यायच्या पाच ताऱ्यांतला पहिला मी इथेच कापला.

'उशिरो' मात्र मराठी माणसाला कधी विसरणार नाही. कारण त्यात सगळा धोका उशिराचाच. मागे पडताना पाठ चटईला लागते त्याच क्षणी दोन्ही हात आपटायचे, तळवे खाली, अंगापासून फार लांब नाही आणि फार जवळही नाही, साधारण तीस-चाळीस अंशांवर. हात आधी गेला तर मनगट किंवा कोपर जाणार. उशिरा गेला तर झटका मानेत. सेन्सेई आकडे मोजत नाहीत, ते "बान!" म्हणतात, आणि आमच्या बारा जणांच्या चोवीस हातांचा एकच आवाज आला पाहिजे. पहिल्या दिवशी तो दिवाळीच्या लडीसारखा येत होता. अकराव्या आठवड्यात एकदा, एकदाच, सगळे हात एकदम पडले. नंतर कोणी काही बोललं नाही, पण सगळे हसत होते.

सुरुवात झोपूनच होते. पाठीवर पडून हात आपटायचे. मग पाय पसरून बसून मागे जायचं, मग उकिडवं बसून, मग कुठे उभ्याने. उकिडवं बसण्याला सोन्क्यो म्हणतात. जपान्यांना त्याचा त्रास होतो, कोल्हापुरात वाढलेल्या मला कसला होतोय. माझं तेवढंच एक कौतुक झालं.

आणि नजर. मागे पडताना नजर ओबीच्या, म्हणजे पट्ट्याच्या गाठीवर. हनुवटी छातीशी. पाठ टेकली तरी छत दिसता कामा नये. हे ऐकलं आणि मला आबा आठवले. माझे आजोबा तालमीतले. लाल मातीचा हौदा, त्यात ताक, तेल, हळद घालून मळलेली माती, आणि त्यांचं सगळं बोलणं चीतपट या एका शब्दाभोवती फिरायचं. पाठ टेकली की संपलं. समोरच्याला आसमान दाखवायचं आणि आपण बघायचं नाही. मान पुलासारखी करून, कुशीवर वळून, काहीही करून खांदे मातीला लागू द्यायचे नाहीत, हे त्यांनी आयुष्यभर केलं. त्यांच्या नातीने पहिल्याच दिवशी पाठ टेकायला पैसे भरले. ज्यूदोतही पाठीवर जोरात आणि नीट पाडलं की समोरच्याला इप्पोन, कुस्ती खलास. म्हणजे मी जितकी सुंदर पडेन तितका त्याचा गुण स्वच्छ. पण आसमान इथेही बघायचं नाही, गाठ बघायची. आबा असते तर एवढं त्यांना पटलं असतं.

आबांच्या तोंडी खाशाबा जाधवांचं नाव रोज असायचं. 1952, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, ब्राँझ. त्याच गटात सुवर्णपदक कुणाला मिळालं हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. ते शोहाची इशीई या जपानी मल्लाला मिळालं, आणि हा मूळचा ज्यूदोचा गडी. महायुद्धानंतर जपानमध्ये ज्यूदोवर बंदी आली म्हणून कुस्तीकडे वळलेला. मला हे सेन्सेईंनी सांगितलं. मी जाधवांचं गाव गोळेश्वर कुठे आहे ते त्यांना फोनवर नकाशात दाखवलं, आणि भूगोलाच्या मास्तरांनी ते खरोखर वहीत लिहून घेतलं.

योको उकेमीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कुशीवर पडायचं, एक हात आपटायचा, पायांची कात्री होऊ द्यायची नाही, नाहीतर घोट्यावर घोटा आपटतो आणि डोळ्यांसमोर काजवे चमकतात. माझे चमकले. पुढे चला.

माए उकेमी म्हणजे ज्यूदोत सरळ पुढे, पोटावर, झाड पडावं तसं. पण पोट टेकायचं नाही. तळव्यापासून कोपरापर्यंतचे दोन्ही हात एकदम टेकायचे आणि अंग त्यांच्यावर तोलायचं. सेन्सेई म्हणतात, हातांचा 'हा' करा. जपानी 'हा' हे अक्षर म्हणजे वर जवळ आणि खाली फाकलेल्या दोन काड्या, आपल्या गुढीच्या साडीसारख्या. नेपाळच्या मुलाला ही खूण कळली नाही, कारण त्याला ते अक्षरच येत नव्हतं. मी त्याला देवनागरीत काढून दाखवायला गेले आणि लक्षात आलं, आपल्या 'हा'चा काही उपयोग नाही.

माझं मनगट गेलं ते इथेच. तळवा एकटा पुढे गेला, कोपर सरळ, आणि सगळं वजन एका हाडावर. सेन्सेई दर शनिवारी निदान दहा वेळा ओरडतात, "ते ओ त्सुकुना", हात टेकू नका. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डॉक्टरांचा तो प्रश्न आठवला. एकच क्रियापद, तिथे चौकशीत आणि इथे ताकिदीत.

चौथा प्रकार माए-मावारी, आणि हा मात्र मला वेड लावून गेला. करंगळीच्या बाजूने हात आत वळवायचा, मग कोपर, मग खांदा, आणि तिथून पाठीवर तिरकं जात विरुद्ध कमरेवर उतरायचं. डोकं कुठेच लागत नाही. उजवा खांदा, डावी कंबर. सरळ रेषेत गेलं की मणका ठकठक वाजतो, मग समजायचं कुठे चुकलं. मी पाच आठवडे ठकठक वाजवली. सेन्सेईंनी एकदा ज्यूदोगीच्या पाठीवर चक्क खडूने तिरकी रेघ मारली आणि म्हणाले, ही चटईवर उठली पाहिजे. पहिल्या चार वेळा तुटक ठिपके उठले. पाचव्यांदा रेघ उठली, थोडी वाकडी. मी तिचा फोटो काढला, आईला पाठवला. आईने विचारलं, "ही भेग पडलीय का जमिनीला?"

आता फजिती. क्रीडा केंद्राच्या त्याच इमारतीत शुक्रवारी आयकिदो या दुसऱ्या जपानी युद्धकलेचा वर्ग असतो आणि पहिला तास फुकट. मला वाटलं, पडता तर येतंच आता. तिथले सेन्सेई म्हणाले, माए उकेमी. मी झाडासारखी पुढे पडले, हातांचा 'हा' करून, जोरात, अगदी चोख. धप्प! मान वर केली तर बाकीचे पंधरा जण आवाज न करता खांद्यावरून गोल फिरून पलीकडे उभे. आयकिदोत माए उकेमी म्हणजे गोल फिरणं, जे आमच्याकडे माए-मावारी. साठीच्या एका बाईंनी जवळ येऊन हळूच विचारलं, "दाइजोबु?" ठीक आहात ना? आणि सेन्सेई लांबूनच म्हणाले, "ज्यूदो देसु का?" एका पडण्यावरून त्यांनी माझं घराणं ओळखलं.

पाडणाऱ्याचं नावही तिथे बदललं. आमच्याकडे पाडतो तो तोरी आणि पडतो तो उके. आयकिदोत कुणी त्याला नागे म्हणतं, योशिन्कान शाखेत शिते म्हणतात. पडणाऱ्याला मात्र सगळीकडे उकेच. हवेतून उलटं होऊन पडण्याला ते तोबी उकेमी म्हणतात, तोबी म्हणजे उडी. शोरिन्जी केम्पो या आणखी एका युद्धकलेत दाइशारिन नावाचं एक पडणं असतं, म्हणजे महाचक्र. नाव ऐकून मला सुदर्शनच दिसलं. तात्पर्य काय, दुसऱ्या वर्गात जाल तर आधी दुसरा माणूस कसा पडतो ते बघा, मग पडा.

मध्यंतरी एका संध्याकाळी कोदोकान बघून आले. कासुगा स्टेशनजवळ, बाहेर ज्यूदोचे जनक जिगोरो कानोंचा पुतळा. सातव्या मजल्यावर मोठा दोजो, म्हणजे सरावाचा हॉल, आठव्यावर बसून खाली बघता येतं. या माणसाने 1882 मध्ये, अजून बाविशीही गाठली नव्हती तेव्हा, एइशोजी देवळात बारा चटया टाकून नऊ शिष्यांना शिकवायला सुरुवात केली. आता मोठ्या दोजोत चारशे वीस चटया आहेत. आकडा ऐकून नवरा इतका हसला की शेजारच्यांनी वळून बघितलं. कानो स्वतः शिकत होते तेव्हा त्यांनी फुकुदा गुरुजींना एका डावाची हाता-पायांची जागा विचारली, तर गुरुजींनी समजावलं नाही, पुन्हा पुन्हा उचलून आपटलं. मी वरून बघत होते तेव्हा खाली एक पांढऱ्या पट्ट्याचे आजोबा कोपऱ्यात एकटेच मागे पडत होते, उठत होते, पडत होते. सगळ्या हॉलच्या आवाजात त्यांचा हात वेगळा ऐकू येत होता.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. पाचव्या आठवड्यात सेन्सेईंना यायला उशीर झाला, आणि त्यांचा तरुण सहायक, काळ्या पट्ट्याचा, दणकट, आम्हाला ओसोतो-गारी दाखवू लागला. हा डाव म्हणजे समोरच्याचा पाय मागून उडवून त्याला थेट पाठीवर पाडणं. जोड्या त्याने वजन न बघता उभं राहिलेल्या क्रमाने लावल्या. मला आला ब्राझीलवाला, नव्वद किलोचा. मी पडले, हात आपटला, पण हनुवटी अर्ध्या क्षणाने सुटली. डोकं चटईला लागलं नाही, तरी रात्रभर मान धरून बसले. सेन्सेई आले, त्यांनी बघितलं आणि सगळं थांबवलं. आवाज चढवला नाही. त्या मुलाला बाजूला नेऊन बराच वेळ बोलले, मग आम्हा सगळ्यांना गोल बसवलं. जपानमध्ये शाळांमधल्या ज्यूदोत 1983 ते 2011 या काळात शंभराहून जास्त मुलं दगावली, त्यातली पुष्कळ डोक्याच्या दुखापतीने. नवशिकी पोरं आणि ओसोतो-गारी, ही जोडी त्यात वारंवार दिसते. डोकं आपटायलाच हवं असंही नाही, नुसत्या झटक्याने मेंदूवरच्या शिरा फाटू शकतात. 2012 पासून माध्यमिक शाळेत बुदोचे, म्हणजे जपानी युद्धकलांचे, तास सक्तीचे झाले, त्या आधी पालक एवढे का घाबरले होते हे त्या संध्याकाळी कळलं. सेन्सेई स्वतः शाळेत होते. त्याहून जास्त ते काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

त्या सहायकाने पुढच्या शनिवारी प्रत्येकासमोर बसून, कपाळ चटईला लावून माफी मागितली. पुढचे सगळे आठवडे आम्ही सुतेगेइको केलं, म्हणजे दोघांनी आलटूनपालटून विरोध न करता हलकेच पडून घ्यायचं, आणि पाडणाऱ्याने बाही सोडायची नाही, शेवटच्या क्षणी वर ओढून धरायची. या बाहीच्या ओढीनेच उकेचं डोकं वाचतं. पाडणाऱ्याचा हात खरोखर दोरीसारखा जाणवतो. तरीही यासाठी कापलेला आणखी अर्धा तारा मी परत देत नाही. एक शिकवणारा उशिरा येणार असेल तर वर्ग वॉर्मअपवर थांबवायचा असतो.

बाकी किरकोळ: वॉर्मअपच पस्तीस मिनिटं चालतो, नव्वदपैकी. खिडकीकडच्या दोन चटयांमध्ये फट आहे, तिथे पायाचं बोट अडकतं. लॉकरला शंभर येनचं नाणं लागतं, परत मिळतं. रस्त्यावर पडले तर हात आपटू का, असं मी विचारलं होतं. सेन्सेई म्हणाले, डांबरावर आपटलात तर तळहात फुटेल. तिथे हनुवटी आत घ्या, बूड खाली सोडा आणि गोल व्हा, आवाज चटईसाठी. ऑक्टोबरात नवीन वर्ग सुरू होतो, मी पुन्हा नाव घातलंय. साडेतीन तारे.

जाणार असाल तर पायाची नखं कापून जा. सेन्सेई दारातच बघतात, आणि नेलकटर त्यांच्या खिशात असतो.